मोठीच्या प्रश्नाबद्दल

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

बाबा, तुम्ही मोठीवर रागावला आहात हे आईकडून कळलं. ईस्टरच्या प्रीतिभोजनात पाळकसाहेब पानावर बसलेले असताना तिने विचारलं, "आजोबा, आधी पुरुषांचीच पंगत का? मुलींनी नुसतं वाढायचंच का?" पाहुण्यांसमोर तुम्हाला ते लागलं. पण प्रश्न मला रास्त वाटतो, आणि तो तिने गिळून टाकावा असं मला मुळीच वाटत नाही.

पुण्याला परतल्यावर आम्ही दोघी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय घेऊन बसलो. भावाचं चुकलं तर आधी त्याला एकट्याला गाठून सांग. नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने. तरीही नाही, तर मंडळीला, म्हणजे साऱ्या चर्चला सांग. ती म्हणाली, "म्हणजे मी शेवटच्या पायरीवरून सुरुवात केली." आणि लगेच पौलाचं गलतीकरांस पत्र काढून तिने मलाच पेचात पकडलं. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेतल्या याकोबाकडची यहुदी माणसं आली तसा भीतीने बाजूला झाला. पौलाने त्याला तोंडावर, सगळ्यांदेखत सुनावलं. "तोही पंगतीचाच वाद होता ना?" मी म्हटलं, पेत्राचं पाहून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा वाहवत गेला होता, नुकसान साऱ्या मंडळीचं होत होतं, म्हणून पौल सगळ्यांसमोर बोलला. तिला हे अर्धंच पटलंय. असू दे.

संडे स्कूलमध्ये भांडण झालं की आपण मुलांना "सॉरी म्हण, हात मिळव" एवढंच सांगतो. वर्ग शांत होतो, राग मात्र तसाच घरी जातो. नाताळच्या नाटिकेच्या वेळी दोन मुलं मेंढपाळाच्या एका काठीवरून झोंबली. मी म्हटलं, आधी समोरच्याचं म्हणणं तू सांग. एकजण कुरकुरत म्हणाला, "गेल्या वर्षी काठी मला मिळाली होती, म्हणून तो चिडलाय." दुसरा म्हणाला, "हो. आणि मला मेंढरू केलं होतं." पुढचा निकाल त्यांनीच लावला.

पंडिता रमाबाई मला याचसाठी फार जवळच्या वाटतात. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिनशी त्यांचे पत्रांतून धर्ममतांवर कडक वाद झाले. विवेकबुद्धीला न पटणारं त्यांनी मान्य केलं नाही, पण पत्रात जेराल्डिनना त्या "आजीबाई" म्हणत. आणि तो सगळा पत्रव्यवहार पुढे जेराल्डिननीच जपून संकलित केला. मोठीला मी हे सांगितलंय.

मेच्या सुट्टीत मुलांना घेऊन येतेय. बाबा, मोठी तुम्हाला एकट्याला गाठणार आहे. सगळ्यांसमोर बोलल्याबद्दल ती माफी मागेल; प्रश्नाबद्दल मागणार नाही. तिचं पूर्ण ऐकून घ्या. नाही पटलं तर का नाही ते सांगा, पण वडीलकीचा मान पुढे करून विषय बंद करू नका. तुमचा मान तिला आहेच, म्हणून तर ती तुमच्याशी बोलायला येतेय.

आई, तू मध्ये पडून मिटवू नकोस, दोघांना बोलू दे. पण त्या पंगतीत इतकी वर्षं तूच वाढत आलीस आणि तुला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. ते मला लिहून कळव.

तुमची लेक