टेलिहँडलरऐवजी रफ टेरेन फोर्कलिफ्ट पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, मशिनरी भाडे विभाग

महोदय,

आमच्या बांधकामासाठी आम्ही आपल्याकडे चारही चाके वळणारा टेलिहँडलर (लांबवता येणाऱ्या बूमने, म्हणजे हाताने, माल उचलणारे मशीन) भाड्याने मागितला होता. ऑर्डरवर तसे स्पष्ट लिहिले आहे. ट्रेलरवरून उतरली ती रफ टेरेन फोर्कलिफ्ट, म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी काट्यांची फोर्कलिफ्ट. फोन केला तेव्हा "खडबडीत जमिनीवर दोन्ही चालतात, काम होऊन जाईल" असे उत्तर मिळाले. काम झाले नाही, आणि माणूस जाता जाता वाचला.

आमच्याकडे ब्लॉकचे पॅलेट न्यायची वाट अरुंद आहे. एका बाजूला रचलेला माल, दुसऱ्या बाजूला पाइपसाठी खणलेला चर. आपली फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते. ऑपरेटर चराला लागून सरळ येत होता. चरापासून दूर जायला त्याने पुढचे तोंड उजवीकडे घेतले, तसे मशीनचे बूड डावीकडे, म्हणजे थेट चराकडे गेले. मागच्या टायरखालची माती ढासळून खाली पडताना मी स्वतः पाहिली. त्याने जागीच ब्रेक दाबला म्हणून निभावले. तो पॅलेट आम्ही हातानेच रिकामा केला.

याच जागेसाठी आम्हाला क्रॅब स्टिअरिंग हवे होते. त्यात चारही चाके एकाच दिशेने वळतात आणि मशीन बूड न फेकता तिरके सरकून कडेपासून दूर होते. पुढच्या कोपऱ्यावर मागची चाके पुढच्यांच्या उलट वळवली की वळण लहान होते. स्टिअरिंगचा मोड बदलण्यापूर्वी चाके सरळ करून घ्यायची असतात, हे आमच्या ऑपरेटरला पक्के ठाऊक आहे.

शिवाय फोर्कलिफ्टचा मास्ट, म्हणजे काट्यांचा उभा खांब, माल सरळ वर नेतो. चरापलीकडे पॅलेट ठेवायचा तर मशीन कडेपर्यंत न्यावेच लागते. टेलिहँडलर मागे उभा राहून बूम लांबवतो. बूम लांबेल तशी वजन उचलण्याची क्षमता घटते, म्हणून लोड चार्ट (बूम किती लांबवल्यावर किती वजन उचलता येते याचा तक्ता) पाहूनच आम्ही मॉडेल निवडले होते. ती सगळी मेहनत वाया गेली.

फोर्कलिफ्ट वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मोकळ्या आवारात ट्रक उतरवताना तिने उत्तम काम केले. काटे डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या साइड शिफ्टमुळे ते नेमके बसतात, आणि केबिनशेजारी बूम नसल्याने उजवीकडचे स्पष्ट दिसते. पण आम्ही ती मागितलीच नव्हती.

फोर्कलिफ्ट आम्ही बंद करून ठेवली आहे. ती परत नेऊन ऑर्डरप्रमाणे टेलिहँडलर पाठवावा, आणि तो येईपर्यंतचे भाडे आकारू नये. बदली मशीन पाठवायचे असेल तर आधी विचारावे आणि त्याचे स्टिअरिंग कोणते ते डिलिव्हरी चलनावर लिहावे. ऑर्डरची प्रत, चराच्या कडेचे फोटो आणि ऑपरेटरचा लेखी जबाब सोबत जोडला आहे.

टेलिहँडलर कोणत्या दिवशी पोहोचेल ते उद्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवावे.

आपला,
साइट व्यवस्थापक