वळिवड्याच्या छावणीचे भवितव्य याल्टात ठरले नव्हते

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत, दुसऱ्या महायुद्धानंतरचे राजकारण वेगळ्या वळणाने गेले असते तर काय झाले असते, या कल्पनेवर एक लेख प्रसिद्ध झाला आहे. त्यात वळिवड्याच्या पोलिश छावणीचा उल्लेख असल्यामुळे करवीर तालुक्याचा रहिवासी म्हणून मी तो विशेष लक्षपूर्वक वाचला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेत रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी स्टालिनपुढे नमते घेतले नसते आणि लंडनमध्ये आश्रयाला असलेले पोलिश सरकार वॉर्सात परतले असते, तर वळिवड्यातील सुमारे पाच हजार निर्वासित त्याच वर्षी आनंदाने मायदेशी गेले असते, असा लेखकाचा निष्कर्ष आहे. जर-तरचा इतिहास लिहू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण तो लिहिताना इतिहासातला नेमका कोणता निर्णय बदलायचा हे नीट निवडावे लागते, आणि या लेखात ती निवड चुकली आहे असे मला वाटते.

वळिवड्यात राहिलेली माणसे पोलंडच्या कोणत्या भागातली होती, हा प्रश्न लेखात आलेलाच नाही. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या आणि फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात तिथल्या लाखो लोकांना चार लाटांत सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात हद्दपार करण्यात आले. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर, जुलै १९४१ मध्ये, सिकोर्स्की यांच्या लंडनमधील पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला, हद्दपार झालेल्यांची सुटका झाली, जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभे केले आणि १९४२ मध्ये त्या सैन्यासोबत हजारो बायका, मुले आणि म्हातारी माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. त्यांतली काही कराचीमार्गे हिंदुस्थानात पोहोचली आणि १९४३ पासून कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याला वसवण्यात आली. म्हणजे ही बहुतांश माणसे लव्होव (आजचे लिव्हिव), विल्नो (आजचे विल्नियस), व्होलिन अशा पूर्वेकडील भागांतली होती. त्यांचे घर, शेत, चर्च, आईवडिलांच्या कबरी हे सगळे ज्या पट्ट्यात होते तो पट्टा १९४४ च्या उन्हाळ्यातच लाल सैन्याच्या ताब्यात गेला होता, आणि ती सरहद्द मान्य करण्याची तयारी चर्चिल यांनी १९४३ च्या अखेरीस तेहरानमध्येच दाखवली होती. याल्टात वॉर्साच्या गादीवर दुसरे कोणी बसवले गेले असते, तरी लव्होवची शाळामास्तरीण लव्होवला परतू शकली नसती. तिला पोलंडमध्ये जागा मिळाली असती ती फार तर युद्धानंतर जर्मनीकडून पोलंडला मिळालेल्या व्रोत्सवाफ शहरात, म्हणजे जर्मनांनी रिकाम्या केलेल्या एखाद्या घरात. लेखकाला हवा असलेला आनंदी परतीचा प्रवास घडवायचा, तर पूर्व आघाडीवरचे युद्धच वेगळे घडवावे लागेल. मग ती कल्पना याल्टाची राहत नाही.

माझ्या मते या माणसांचे भवितव्य ठरले ते १ सप्टेंबर १९३९ या एका तारखेने, आणि ती तारीख परिषदांच्या छायाचित्रांत कुठेही दिसत नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये मॉस्कोने फर्मान काढून बळकावलेल्या प्रदेशातल्या सर्व रहिवाशांना सोव्हिएत नागरिक ठरवले होते. जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांतल्या पोलिश लोकांपुरती त्यात थोडी ढिलाई आली, पण जानेवारी १९४३ मध्ये ती काढून घेण्यात आली, आणि एप्रिलमध्ये कातिनच्या (सोव्हिएतांनी केलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या) हत्याकांडावरून मॉस्कोने पोलिश सरकारशी संबंधच तोडले. मॉस्कोच्या कागदांनुसार पाहिले, तर पंचगंगेच्या काठी कौलारू बराकीत राहणारी, मुलांना पोलिश शाळेत धाडणारी, रविवारी छावणीतल्या चर्चमध्ये जाणारी बाई पोलिश नव्हतीच. ती परदेशात राहून गेलेली सोव्हिएत नागरिक होती. आणि सोव्हिएत नागरिकांना त्यांच्या इच्छेचा विचार न करता परत पाठवण्याचा करार तर याल्टातच झालेला होता. तो कागदावरच राहिला असे कोणी समजू नये, कारण १९४५ च्या मे-जून महिन्यांत ऑस्ट्रियातील लिएन्झजवळ ब्रिटिश सैनिकांनी कोसॅक (रशियातील एक लढवय्या समाज) कुटुंबांना, बायकामुलांसह, बळजबरीने सोव्हिएतांच्या हवाली केले होते.

वळिवड्याच्या वाट्याला हे आले नाही, याचे कारण असे की ब्रिटन आणि अमेरिका यांनी सोव्हिएत नागरिक कोणाला म्हणायचे हे ठरवताना १ सप्टेंबर १९३९ ची सरहद्द धरली. त्या दिवशी जो सोव्हिएत हद्दीत राहत होता तो सोव्हिएत, आणि पोलंडच्या हद्दीत राहत होता तो पोलिश, मग सरहद्द पुढे कुठेही सरको. याल्टाचा करार युरोपात मुक्त झालेल्या कैद्यांसाठी आणि विस्थापितांसाठी होता, कोल्हापूरसाठी नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण नागरिकत्वाची व्याख्या एकदा ठरली की ती सगळीकडे लागू पडते. ती तारीख बदलून पाहा. समजा, दोस्त राष्ट्रांनी १९३९ ऐवजी १९४५ ची सरहद्द मान्य केली असती. ५ जुलै १९४५ रोजी लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेण्यात आली, तेव्हा छावणीवर देखरेख करणाऱ्या मुंबईतील पोलिश वकिलातीच्या पायाखालची जमीनच सरकली होती. मग छावणीतल्या नावनिशीवार याद्या कोणाच्या हाती पडल्या असत्या? ज्या कुटुंबांतले बाप आणि थोरले मुलगे १९४४ मध्ये माँटे कॅसिनोला लढून इटलीत थांबले होते, त्यांच्या बायकामुलांना मुंबई बंदरात कोणत्या बोटीवर चढवले गेले असते? अँडर्सच्या सैनिकांकडे सोव्हिएत राजवट कोणत्या नजरेने पाहत होती हे लक्षात घेतले, तर त्या बोटीचा विचारही करवत नाही. मला वाटते, आपल्या लेखकाने लिहायला हवा होता तो पर्यायी इतिहास हा होता.

पुढचा टप्पा लंडनचा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे पहिले अधिवेशन १९४६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे भरले, आणि ज्यांना मायदेशी परतायचे नाही त्यांचे काय करायचे, यावर मोठा वाद झाला. परत न येणाऱ्यांमध्ये देशद्रोहीच असतात, त्यांना आसरा देऊ नये, असे सोव्हिएत बाजूने व्हिशिन्स्की यांनी मांडले, आणि अमेरिकेच्या बाजूने एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्याला उत्तर दिले. अखेर १२ फेब्रुवारी रोजी जो ठराव झाला त्याचा आशय असा की, परतण्याला योग्य कारणे देऊन स्वतःच्या मर्जीने ज्याने हरकत घेतली आहे, अशा निर्वासिताला बळजबरीने परत पाठवू नये. या ठरावामुळे वळिवड्यातल्या माणसांना निवडीचा हक्क मिळाला. काहींनी पोलंडला परतणे पसंत केले. ज्यांची माणसे अँडर्सच्या सैन्यात होती त्यांच्यासाठी ब्रिटनच्या संसदेने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला. काही कुटुंबे पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत आणि तिथून पुढे गेली, काहींनी ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे देश गाठले. मोजक्या तरुणींनी इथेच लग्न करून संसार थाटला. १९४८ मध्ये छावणी बंद झाली.

लेखात वळिवडे ही कोल्हापूरच्या राजाची देणगी होती असे सूचित केले आहे, त्याबद्दलही थोडे सांगतो. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी जे केले ते खरोखरच थोर होते, आणि वॉर्सात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. वळिवड्याची गोष्ट निराळी आहे. जमीन कोल्हापूर संस्थानात होती, आसपासच्या गावांनी या परक्या माणसांना आपलेसे केले हेही खरे, पण छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या नावे चालत होता. म्हणूनच जुलै १९४५ मध्ये त्या सरकारची मान्यता जाणे ही वळिवड्यात रोजच्या भाकरीची बाब होती.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे तिच्याकडे येतो. लेख छावणी रिकामी होताना थांबतो. वळिवडे तिथे थांबले नाही. पोलिश कुटुंबे गेली आणि त्याच बराकींत सिंधहून आलेली कुटुंबे राहायला आली. आजचे गांधीनगर ते हेच. लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूर, सांगली, कोकण आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागातूनही माणसे जिथे येतात, कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या ज्या गल्ल्यांतून दिवाळीच्या आधी चालायला जागा मिळत नाही, ती बाजारपेठ या छावणीच्या जागेवर उभी आहे. पोलिश निर्वासित कराचीत उतरून इथे आले होते, सिंधी कुटुंबे कराचीतून आणि सिंधच्या इतर शहरांतून उठून आली. पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली, म्हणून तिथल्या निर्वासितांना आपल्या भाषेचा अर्धा तरी प्रांत उरला. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. सिंधी माणसाला परतायला लव्होव नव्हते आणि जायला व्रोत्सवाफही नव्हते. मुंबई प्रांताने त्यांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवले, तिचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले, आणि वळिवड्याचे गांधीनगर.

याच जागी आलेल्या या दोन समूहांना जगाने दोन वेगळ्या मापांनी मोजले. डिसेंबर १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेची घटना मंजूर झाली, त्यात पोलिश निर्वासित बसत होते. तिच्या बोटींतून आणि तिच्या पैशांतून दहा लाखांहून अधिक विस्थापितांना नव्या देशांत वसवण्यात आले. फाळणीत घरे सोडावी लागलेले सव्वा कोटीहून अधिक लोक मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिले. निर्वासितांविषयीचा १९५१ चा जिनिव्हा करारही १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता, आणि सह्या करणाऱ्या देशांना हवे असल्यास फक्त युरोपातल्या घटनांपुरता मर्यादित होता. म्हणजे एकाच बराकीच्या एकाच खोलीत १९४७ साली राहणारे कुटुंब जगाच्या जबाबदारीचे होते आणि १९४८ नंतर राहणारे कुटुंब तसे नव्हते. हा अन्याय होता, आणि महायुद्धोत्तर राजकारणावर लिहिणाऱ्या कोणीही तो नजरेआड करू नये असे माझे ठाम मत आहे.

तरीही फाळणीच्या निर्वासितांना त्या संघटनेने आपल्या कक्षेत घेतले असते तर सगळे भलेच झाले असते, असे मला म्हणवत नाही. मदत नक्कीच वाढली असती. सिंधी कुटुंबांना धंद्याला भांडवल लवकर मिळाले असते, आणि केंद्रातल्या पुनर्वसन खात्याच्या दारात भरपाईच्या दाव्यांसाठी घातलेली वर्षे वाचली असती. पण आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत नाव गेले की माणूस दीर्घकाळ निर्वासितच राहण्याचा धोका असतो. पॅलेस्टिनी लोकांसाठी डिसेंबर १९४९ मध्ये वेगळी संस्था स्थापन झाली आणि त्यांच्या नातवंडांचीही नोंद आज निर्वासित म्हणूनच आहे. गांधीनगरच्या रहिवाशांचे तसे झाले नाही, कारण आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांना सरळ नागरिक मानले. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथेच राहिलेल्यांना वेगळी नोंदणीही करावी लागली नाही, त्यानंतर आलेल्यांना अर्ज करून नोंदणी करता आली. पोलिश निर्वासितांना १ सप्टेंबर १९३९ ने वाचवले, तसे सिंधी निर्वासितांना या तारखेने मतदार, दुकानदार आणि शेजारी बनवले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी मत दिले ते या देशाचे नागरिक म्हणून. त्या कलमातली तारीख एखादे वर्ष आधीची असती, नोंदणीची तरतूद नसती, किंवा नागरिकत्वासाठी जुन्या घराचे कागद मागितले गेले असते, तर आज गांधीनगरचा बाजार कोणत्या अवस्थेत असता याचा विचार आपल्या लेखकाने जरूर करावा. घर सोडताना चूल विझवायलाही वेळ न मिळालेल्या माणसांकडे कागद कुठून असणार?

पोलिश वस्तीची आठवण आता चांगली जपली जात आहे. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक उभे आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले, आणि २०१९ मध्ये छावणीत वाढलेल्या काही वृद्धांसह पोलिश मंडळी कोल्हापुरात येऊन गेली तेव्हा आपल्या वृत्तपत्रानेही त्याची ठळक दखल घेतली होती. त्याच छावणीच्या दुसऱ्या रहिवाशांबद्दल मात्र आपल्या पुरवणीत मी क्वचितच काही वाचले आहे. जे तेव्हा चार-पाच वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे गेले आहेत. आपण आपल्या वार्ताहराला गांधीनगरच्या जुन्या पेढ्यांवर पाठवावे, बराकीत पहिल्यांदा सामान टाकले तेव्हा तिथे काय काय शिल्लक होते, ती जागा कोणी वाटून दिली, पहिला धंदा कोणाच्या उधारीवर सुरू झाला, हे या मंडळींकडून लिहून घ्यावे, आणि त्याच्या जोडीला कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील संस्थानी दप्तर तपासावे, अशी माझी विनंती आहे. त्या लेखकाने पुरवणीत पुढचा भाग लिहायचे ठरवले असेल, तर त्यालाही तो मजकूर उपयोगी पडेल.

आपला नम्र,
एक वाचक,
करवीर, जि. कोल्हापूर