मानसशास्त्र घेणाऱ्या मुलांना पुढची वाट प्रवेशाआधी कळू द्या

माननीय शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

सादर नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतली मुले आणि त्यांचे पालक सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. अलीकडे त्यांतल्या बऱ्याच मुलांना, विशेषतः मुलींना, मानसशास्त्र घ्यायचे असते, आणि मला त्याचा आनंद वाटतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात गुजरातचाही समावेश होता, विकारागणिक 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले होते. अशा देशात कुणी मुलगी या कामात आयुष्य घालवू म्हणते, तेव्हा तिला नीट वाट दाखवणे हे शासनाचेही कर्तव्य ठरते.

पदवी आणि फार तर एम.ए. झाले की रुग्णांवर उपचार करता येतात, अशी बहुतेक घरांत समजूत आहे. प्रत्यक्षात मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनोविकारांवर औषधे देणारा डॉक्टर, होण्यासाठी एमबीबीएस आणि त्यापुढचे वैद्यकीय शिक्षण लागते, म्हणजे निर्णय अकरावीतच, जीवशास्त्र घेतानाच, करावा लागतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधांऐवजी चाचण्या आणि संवादातून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी हवी, आणि ती परिषदेने मान्य केलेला, देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करायला लावणारा अभ्यासक्रम केल्यावरच मिळते. केवळ मानसशास्त्रातील एम.ए. त्यासाठी पुरत नाही. हे मुलांना कळते ते एम.ए.च्या शेवटच्या वर्षात, जेव्हा घरातली पुंजी आणि आईवडिलांचा धीर दोन्ही संपत आलेले असतात.

त्यातच ही वाट सध्या बदलते आहे. या नोंदणीची आजवरची मुख्य वाट असलेली, एम.ए.नंतरची एम.फिल. ही पदवी देशभर बंद झाली. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025-26 या शैक्षणिक वर्षापर्यंतच्या प्रवेशांना मुभा दिली. पुनर्वास परिषदेने बारावीनंतरचा चार वर्षांचा ऑनर्स अभ्यासक्रम आणि क्लिनिकल सायकॉलॉजीतील स्वतंत्र एम.ए. आणले आहेत. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याच्या आधारे 2025 पासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणही थांबवण्यात आले. हे बदल योग्यच असतील, परंतु पुढे एम.फिल. करायचे ठरवून तीन वर्षांपूर्वी पदवीला बसलेल्या मुलीला आता नव्याने हिशेब मांडावा लागतो आणि तो मांडून देणारे जवळ कुणी नसते.

क्लिनिकलखेरीजच्या वाटाही मुलांपर्यंत पोचत नाहीत, याची मला अधिक खंत वाटते. आमच्या बडोद्यात एकाच सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्र विभाग शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र विद्याशाखेत आहे, समाजकार्याची विद्याशाखा वेगळी आहे, आणि मानव विकासाचा अभ्यास पूर्वी गृहविज्ञान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्याशाखेत होतो. उशिरा बोलू लागणाऱ्या किंवा शिकण्यात मागे पडणाऱ्या लहान मुलांसोबत काम करायचे असेल, तर मानव विकास किंवा विशेष शिक्षण हा कदाचित अधिक सरळ मार्ग ठरेल. रुग्णाच्या कुटुंबाला सावरायचे असेल तर समाजकार्य. आणि माणसे कामावर कशी टिकतात, कशी थकतात, याचे कुतूहल असेल तर मानसशास्त्राची पदवी घेऊन मकरपुऱ्याच्या कारखान्यांतही जागा मिळू शकते. गणित टाळण्यासाठी हा विषय घेणाऱ्यांना तर आधीच सांगायला हवे की संख्याशास्त्र आणि प्रयोग यांच्याशिवाय मानसशास्त्र शिकता येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी की राज्याच्या सामाईक प्रवेश पोर्टलवर मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून मानसशास्त्र निवडण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्यासमोर गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत एक पान यावे, आणि या पदवीने कोणते काम करता येते, कोणते येत नाही, नोंदणीसाठी पुढे किती वर्षे आणि कोणता अभ्यासक्रम लागतो, हे त्यावर स्वच्छ लिहिलेले असावे. नियम बदलले की ते पानही त्याच आठवड्यात बदलावे.

दुसरी गोष्ट नोकऱ्यांची. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. सरकारी आणि अनुदानित शाळांत ही पदे कायमस्वरूपी मंजूर करून त्यांची अर्हता आपण आताच जाहीर केली, तर आज प्रवेश घेणाऱ्या मुलांना कशासाठी शिकायचे ते कळेल, आणि शाळांनाही हे काम एखाद्या रिकाम्या तासाच्या शिक्षकावर ढकलता येणार नाही.

करेलीबागेतले सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय याच शहरात आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षात, रुग्णांची गोपनीयता सांभाळून, तिथल्या तज्ज्ञांचे काम काही दिवस जवळून पाहण्याची सोय आरोग्य खात्याशी बोलून करता येईल. या कामाचा भार आपल्याला पेलेल का, हे विद्यार्थ्यांना त्यातून वेळेवर समजेल.

पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी निदान पोर्टलवरच्या त्या पानाबाबत आपण निर्णय घ्यावा, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे