शेकोटीत एज बँड टाकू नका

कावासाकी, जपान

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

आई परवा म्हणाली, थंडी पडली तशी कारखान्यामागे शेकोटी पुन्हा सुरू झाली. प्लायच्या तुकड्यांबरोबर त्याच्या कडांना चिकटवायच्या एज बँडच्या पट्ट्याही त्यात जातात, म्हणून हे लिहितेय. त्या पट्ट्या बहुतेक पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकच्या असतात. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन. पेटल्या की आम्लाचा बोचरा धूर निघतो, डायॉक्सिन नावाचं विषही तयार होतं, आणि ते जातं शेकायला बसलेल्या कारागिरांच्याच छातीत.

माझं इथलं काम असल्याच कचऱ्यावर चालतं. लाकूड-प्लास्टिकचा चुरा बंद भट्टीत ८०० अंशांच्या आसपास तापवायचा, हवा अगदी मोजकी, वर वाफ. मग तो धडधडून जळत नाही, त्याचा हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साईड होतो. त्या मोनॉक्साईडला पुन्हा वाफ दिली की आणखी हायड्रोजन मिळतो. पॉलिथिनच्या वजनात १४ टक्के हायड्रोजन, लाकडात जेमतेम ६. पण नुसतं पॉलिथिन वितळून गोळा होतं आणि भट्टीत अडकतं. लाकूड सोबत असलं की माल सुटा राहतो. छळतं ते वायूसोबत येणारं डांबर. थंड नळी उघडली की आत काकवीसारखा काळा थर, आणि हाताचा वास दोन दिवस जात नाही.

याच शहरात २००३ पासून एक कारखाना प्लास्टिकच्या कचऱ्यातून हायड्रोजन काढून अमोनिया बनवतो. तरी याला पूर्ण हिरवं इंधन म्हणणं मला पटत नाही, कारण प्लास्टिकमधला कार्बन खनिज तेलाचा, तो शेवटी हवेतच जातो. पण आपल्या नागपुरात भांडेवाडीच्या कचरा डेपोला लागणाऱ्या आगींपेक्षा हे कितीतरी बरं.

एकट्या आपल्या कारखान्याच्या कचऱ्यावर अशी भट्टी चालायची नाही, तिला रात्रंदिवस सारखा माल लागतो. लकडगंजातले आरामशीनवाले आणि फर्निचरवाले मिळून नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत जाऊन बोलले तर? संस्था गावातच आहे. जाताना हातात आकडे हवेत. म्हणून एज बँड वेगळ्या पोत्यात, स्वच्छ प्लास्टिक कबाडीला, आणि सनमायका चिकटलेले प्लायचे तुकडे तिसऱ्या पोत्यात ठेवा. ते सोलत बसू नका. महिनाभर प्रत्येक पोत्याचं वजन वहीत लिहायला दादाला सांगा. शेकायला कोरं लाकूड द्या, रंग-पॉलिश नसलेलं.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू