यादी गावांची नको, ओहोळांची हवी

संपादक महोदय, स. न.

जून लागला की आमच्या वाडीत नोटीस येते : 'अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.' हे सुरक्षित स्थळ म्हणजे शाळेची खोली, आणि शाळा ओहोळाच्या काठावर!

दरड म्हटली की कडा सुटून पायथ्याच्या घरांवर पडला, एवढेच आपल्याला सुचते. पण पुष्कळदा घात करतो तो चिखल, धोंडे आणि उन्मळलेल्या झाडांचा लोंढा. उतारावरच्या मातीमुरमात पाणी मुरत राहते, तो थर खालच्या कातळावरून सुटतो, ओहोळ धरतो आणि वाटेतले सगळे ओढत नेतो. ३० जुलै २०२४ च्या रात्री केरळातल्या वायनाडमध्ये असा लोंढा सुमारे ८ किलोमीटर धावला. सुटला पुंचिरीमट्टमच्या वर, पण त्याने खालची मुंडक्काई, चूरलमला ही गावेही नेली. त्याच जागी २०२० मध्ये माती सुटल्याची नोंद होती.

आपल्याकडे १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडातलीच इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण मिळालेच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले. म्हणून माझी विनंती आहे की भूवैज्ञानिकांनी वाडीतल्या गुराख्याला सोबत घेऊन एकेक ओहोळ माथ्यापर्यंत चालून पाहावा. जुन्या लोंढ्याचे धोंडे कुठवर येऊन थांबले, ते काठावर आजही दिसते. जिथवर तो एकदा आला तिथवर पुन्हा येऊ शकतो. त्या हद्दीत नवे घरकुल नको, अंगणवाडी नको आणि निवारा तर नकोच.

पाऊसही वाडीवाडीत मोजायला हवा. डोंगरात एका खोऱ्यात ढग फुटल्यासारखा कोसळतो आणि पलीकडे नुसती भुरभुर असते. दूरच्या पर्जन्यमापकाचा आकडा आमच्या काय कामाचा? वायनाडच्या ह्यूम सेंटर या पर्यावरण अभ्यास संस्थेने स्थानिक शेतकऱ्यांच्या मदतीने जिल्हाभर पाऊस मोजण्याची सोय केली आहे. त्या नोंदींवरून त्यांनी दुर्घटनेच्या आदल्या दिवशीच प्रशासनाला सावध केले होते. तरी अडीचशेहून अधिक माणसे गेली.

इशारा मिळूनही माणूस का हलत नाही, हे आम्हाला विचारा. ऐन लावणीत, गोठ्यात म्हैस बांधलेली असताना, रात्री कोण घर सोडेल? निवाऱ्याशेजारी गुरांसाठी छप्पर आणि चाऱ्याची सोय करा. निम्मी घरे न सांगता खाली येतील.

गेल्या पावसाळ्यात आम्ही वर्गणी काढून एक साधे पर्जन्यमापक बसवले. सातवीतल्या दोन मुली रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहितात. तो आकडा कोणाला कळवायचा आणि किती झाला की घर सोडायचे, एवढे तरी यंदाच्या नोटिशीत लिहून यावे.

— एक वाचक, ता. पोलादपूर, जि. रायगड