शाडूची गोळी आणि अण्णांच्या गाडीचं चेंबर

साखरपा,
पिठोरी अमावास्या

प्रिय बंड्या,

काल फोनवर तू दोनदा म्हणालास, "मीच तो लोकल माल पाठवला, माझ्यामुळे अण्णांच्या गाडीचं इंजिन जायची वेळ आली." मी काही बोलायच्या आत रेंज गेली आणि मग तासभर लागलीच नाही. रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून दिवा लावून लिहायला बसलोय. आधी एकच सांगतो. तू पुण्यात नाना पेठेतून घेऊन एसटीच्या पार्सलने पाठवलेलं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ते तेलाचं पत्र्याचं भांडं, चांगलं आहे. तेच आज गाडीला बसलंय आणि त्यातून एक थेंब गळत नाही. चूक कुठे होती ते सगळं लिहितो, म्हणजे तुझ्या मनावरचं ओझं उतरेल. शिवाय तुझ्या मारुती झेनखाली सकाळी डाग दिसतो म्हणालास ना, तेव्हा तुलाही उपयोगाचं आहे.

गाडी आपटली ते तुला तुटक-तुटक ठाऊक आहे. देवरुखहून परत येत होतो. आम्ही पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं. अण्णांच्या मारुती आठशेची चाकं बारा इंची, त्यात एवढा भार, त्यामुळे पोट जवळजवळ रस्त्याला टेकलेलं. पहिल्या पावसाने माती वाहून गेली होती आणि जांभ्याचा एक चिरा कडेवर उभा राहिला होता. मला तो दिसलाच नाही. खालून धाडकन आवाज आला. दीड-दोनशे मीटर पुढे गेलो असू, तेलाच्या कुपीचा लाल दिवा पेटला. मी गाडी बाजूला घ्यायला बरी जागा शोधत होतो, तर मागून अण्णा ओरडले, "आत्ता बंद कर! इथेच!" बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्या आवाजाने माझा हात आपोआप किल्लीवर गेला. बंड्या, इंजिन वाचलं ते त्या एका ओरडण्याने.

बऱ्याच लोकांना वाटतं, तो दिवा तेल कमी झालं म्हणून लागतो. तो तेलाच्या दाबाचा दिवा आहे. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, बेअरिंगवर टेकून फिरत नाही, मध्ये असलेल्या, केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. दाब गेला की तो थर तुटतो, धातूला धातू घासतो, आणि मग "जरा पुढच्या वळणावर थांबू" म्हणेपर्यंत बेअरिंगचा जीव गेलेला असतो. हे आपल्याला आयटीआयत शिकवलं होतं, पण ऐन वेळी आठवलं ते अण्णांना.

जुनं चेंबर ड्रेन प्लगच्या शेजारी फाटलं होतं आणि तळ आत गेला होता. गावातल्या दोघा-तिघांनी सांगितलं, वेल्डिंग मारून घे, नाहीतर एम-सील भर. मला ते पटलं नाही. पातळ दाबलेला पत्रा, वर्षानुवर्षं तेलात मुरलेला. त्याला आच दिली की कड वाकडी होते आणि वेल्डमध्ये सुईएवढी भोकं राहतात. आठशे निघायची बंद झाली 2014 सालीच, इथल्या दुकानात कंपनीचा पीस मिळेना. म्हणून तुला फोन केला आणि चौथ्या दिवशी पार्सल हातात आलं.

मग माझ्या हातून चूक झाली. भाताची लावणी चालू होती, मला वेळ नव्हता, आणि मी गाडी एका गॅरेजला दिली. पाऊण तासात चेंबर बसवून त्यांनी गाडी परत दिली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चेंबर काढून, दोन्ही कडा साफ करून, नवं बसवायचं काम पाऊण तासाचं नाही.

दहा दिवसांत दोन गोष्टी झाल्या. खाली थेंब पडू लागले, आणि आंबा घाटात डाव्या वळणावर तो लाल दिवा मिचकला. क्षणभर लागला, विझला. पुढच्या वळणावर पुन्हा. मी तिथेच गाडी उभी केली आणि भर पावसात तुला फोन करून नाही नाही ते बोललो. "पुण्यात बसून कसला माल पाठवतोस" असंही म्हणालो. त्याची मला मनापासून लाज वाटते. मला माफ कर.

गेल्या रविवारी मी स्वतः ते खोललं. गाडी मांगरात घेतली, खाली लाद्या घालून दोन लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हे तुला सांगायला नको. तेल काढलं, सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडवला, क्लच हाउसिंगखालची पत्र्याची प्लेट काढली आणि दहाच्या गोटीच्या पान्याने एकेक बोल्ट सैल केला. त्यातले दोन बोल्ट नुसतेच फिरत होते, आटे गेलेले. कोणीतरी अंगातला सगळा जोर लावून ते आवळले होते. आणि कडेवर काय दिसावं? जुनं पॅकिंग खरवडलेलंच नाही, त्यावरच सिलिकॉनचा जाड थर. जेवढं बाहेर ओघळलं होतं तेवढंच आतही. आतलं तुटून त्याच्या शेवया झाल्या होत्या आणि तेलपंप चेंबरमधलं तेल ज्या जाळीतून ओढतो, तिच्यात जाऊन अडकल्या होत्या.

पण दिवा मिचकायचं मुख्य कारण वेगळंच होतं. चिऱ्याने जुन्या चेंबरचा तळ आत ढकलला, तेव्हा त्याने जाळीलाही धक्का दिला होता. जाळीची नळी वर वाकली होती. गॅरेजवाल्याने तुझं नवं, पूर्ण खोल चेंबर त्या वाकड्या नळीखाली लावून टाकलं. म्हणजे तेल खाली आणि तोंड वर! सपाटीवर चालून जातं. घाटात वळण आलं, तेल एका बाजूला गेलं, त्यात गळतीमुळे पातळीही उतरलेली. मग जाळी हवा ओढते. दिवा मिचकणार नाही तर काय होणार.

मला हे नुसतं नजरेने ठरवायचं नव्हतं. शेजारच्या आळीत गणपतीची शाळा आहे, तिथून मूठभर शाडू आणला. त्याची जाडसर गोळी करून जाळीखाली चिकटवली, गोळीच्या खालच्या बाजूला तेलाचं बोट फिरवलं, तुझं चेंबर कोरडंच वर लावलं, चार कोपऱ्यांचे बोल्ट हाताने बसवले आणि परत काढलं. दबलेल्या शाडूची जाडी पट्टीने मोजली. तेवीस मिलिमीटर! हे अंतर साधारण सहा ते दहा मिलिमीटर असावं. त्याहून कमी झालं तर जाळीचं तोंड तळाशी चेपतं, जास्त झालं तर वळणावर उघडं पडतं. मग रत्नागिरीहून नवी जाळी आणि तिच्या मुळाशी बसणारी रबरी रिंग मागवली. ती रिंग जुनीच ठेवली असती, तर पंपाने तिथूनही हवा ओढली असती. नवी जाळी लावून शाडूचा तोच प्रयोग परत केला. आठ मिलिमीटर. अण्णा पडवीतून बघत होते. ते उठून आले, गोळी हातात घेतली, नखाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "डेपोत आम्हाला हे कोणी दाखवलं नाही रे." मला फार बरं वाटलं.

तुझ्या चेंबरचीही मी झाडाझडती घेतली, कारण खात्री नसताना तुला निर्दोष म्हणालो असतो तर त्याला अर्थ नव्हता. जुन्याचा न चेपलेला भाग धरून खोली मोजली. दोन्हींत एका मिलिमीटरचाही फरक नाही. तेल डचमळू नये म्हणून आत असते ती आडवी पत्र्याची पट्टी याच्यातही आहे आणि तिचे टाके पक्के आहेत. मग कपाटाची काच काढून कड तिच्यावर उलटी ठेवली. आठवतंय ना, सर सरफेस प्लेटवर निळा रंग लावून आपल्याकडून जॉब घासून घ्यायचे आणि आपण कंटाळायचो? त्या दिवशी त्यांची आठवण आली. बोल्टच्या पाच-सहा भोकांपाशी पत्रा खाली ओढला गेला होता. तोही दोष मालाचा नाही, जोराने आवळल्याचा. लाकडाचा ठोकळा खाली धरून छोट्या हातोडीने टकटक करत एकेक भोक सपाट केलं. शेवटी ड्रेन प्लग लावून चेंबरमध्ये डिझेल ओतलं आणि रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवलं. सकाळी कागद कोरडा.

बसवायला मुद्दाम पूर्ण दिवस ठेवला होता. खरं काम साफसफाईचंच आहे. ब्लॉकची कड पत्रीने खरवडली, तीही हलक्या हाताने, कारण तिथे ओरखडा पडला तर तीच पुढे गळतीची वाट. मग पेट्रोलच्या फडक्याने, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत पुसली. गेलेले आटे नवे पाडून घेतले. सिलिकॉन तीन मिलिमीटरचा एकच सलग धागा, भोकांच्या आतल्या बाजूने. कोपऱ्यांत, जिथे क्रँकच्या सीलचा जोड येतो तिथे, एक ठिपका जास्त. जास्त लावलं की जास्त पक्कं बसतं हा समज कुठून आला कोण जाणे. जास्तीचं सगळं जाळीत जातं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

बोल्ट सहा मिलिमीटरचे. त्यांना दहा न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला एक किलोचं वजन टांगलं तर जेवढा पडेल तेवढाच. तू झेन करशील तेव्हा लांब पाना हातात घेऊच नकोस. मी मधून सुरुवात केली, मग समोरासमोर असं करत बाहेर गेलो, तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत नुसते टेकवले. ड्रेन प्लगला नवा वायसर घातला. आणि मग चोवीस तास गाडीला हात लावला नाही. अण्णांनी संध्याकाळी दोनदा विचारलं, "चालू करतोस?" दोन्ही वेळा नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तेल ओतलं, डिपस्टिक बघत बघत, जवळजवळ तीन लिटर. कॉइलची मधली वायर काढून ठेवली आणि पाच-पाच सेकंद नुसता स्टार्टर मारला, म्हणजे ठिणगी न पडता पंप तेल वर चढवील. चौथ्या वेळी दिवा विझला. मग वायर लावून गाडी सुरू केली. अण्णांनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. "बेअरिंग ठीक आहेत," एवढंच म्हणाले. मला गाडीखाली जाऊन बघायचं होतं, पण तो हात उचलेपर्यंत मी हललो नाही.

काल सकाळी आंबा घाट चढून आलो. तीच डावी वळणं, तोच पाऊस, तिसऱ्या गियरमध्ये. दिवा एकदाही लागला नाही. वर जाऊन चहा घेतला आणि गाडीखाली पुठ्ठा सरकवला. अर्ध्या तासाने काढला तर त्यावर फक्त पावसाचं पाणी. तिथूनच तुला फोन केला होता, पण तू आपलंच लावून धरलंस आणि मग रेंज गेली.

काढलेलं तेल कॅनमध्ये भरून ठेवलंय. शेजारचे काका गोठ्याच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल मागत होते. पूर्वीपासून लोक लावतात, पण तो गोठा पऱ्याच्या अगदी काठावर आहे आणि खाली आमचीच विहीर. मी त्यांना नाही म्हणालो, थोडे नाराज झाले. कॅन रत्नागिरीला जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे देईन.

आता तुझ्या झेनचं. गळतंय म्हणून लगेच नवं चेंबर घेऊ नकोस. आधी खालची बाजू स्वच्छ पुसून घे, गाडी दहा किलोमीटर चालव आणि मग टॉर्चने बघ. बऱ्याचदा तेल वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून उतरतं आणि थेंब मात्र चेंबरच्या टोकाला लोंबतो. खरंच चेंबरच असेल तर ते खोलल्यावर जाळीची नळी सरळ आहे का ते पाहा. तू सुट्टीत इकडे आणलीस तर दोघं मिळून करू; घोड्या आहेत, गोटीचा सेट आहे, शाडूही शिल्लक ठेवलाय.

गौरी-गणपतीला येणार म्हणतोस, तर कोल्हापूरमार्गे ये, म्हणजे घाट उतरून सरळ दारात. येताना नाना पेठेतून आठशेचं चेंबर गार्ड मिळालं तर घेऊन ये, आणि ड्रेन प्लगचे चौदाचे तांब्याचे वायसर पाच-सहा. दुकान तेच बघ, जिथून चेंबर घेतलंस.

तुझा,
बाळू