ग्रेट निकोबारच्या फौजी वस्तीलाही विचारा

संपादक महोदय,

अंदमान-निकोबारच्या दक्षिण टोकाला असलेल्या ग्रेट निकोबार बेटावरच्या नियोजित बंदराबद्दल अलीकडे बरेच छापून येते. मलाक्काची सामुद्रधुनी, चिनी जहाजे, गालाथियाच्या किनाऱ्यावर अंडी घालणारी कासवे, जंगलातले शोम्पेन आदिवासी. हे सगळे यायलाच हवे. पण १९६९ पासून सरकारनेच तिथे नेऊन वसवलेली तीनशेहून अधिक माजी सैनिकांची कुटुंबे मराठी वृत्तपत्रांत मला क्वचितच भेटतात. त्यांत पंजाब-केरळबरोबर महाराष्ट्रातलीही होती. माझे चुलते त्यांतलेच.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घरी जाऊन आले. धक्क्यावर उतरल्यापासून गणवेशातली माणसे दिसतात. कॅम्बेल बे या बेटावरच्या मुख्य गावी नौदलाचा ‘आयएनएस बाज’ हा तळ २०१२ पासून आहे. धावपट्टीजवळ आल्यावर चुलतभावाने मला मोबाइल पिशवीत टाकायला लावला. या बंदोबस्ताबद्दल तिथे कुणाची कुरकुर ऐकली नाही. सुमात्रा दीड-दोनशे किलोमीटरवर आणि पोर्ट ब्लेअर पाचशेच्या पुढे, तेव्हा तळ कशाला हवा हे फौजीच्या घरात कुणी समजावायला नको.

चुलत्यांनी रान साफ करून नारळ-सुपारी लावली. २००४ च्या त्सुनामीत बेटाचा किनाराच खचला. बेटाच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची जमीन सव्वाचार मीटर खाली गेली आणि तिथले दीपगृह पाण्यात आले. निकोबारी लोकांची किनाऱ्यावरची गावे उठली ती उठलीच. आमच्या बागेचाही खालचा तुकडा समुद्राने घेतला. ओहोटीला माडांचे काळे बुंधे उघडे पडतात. काकूने हात करून दाखवले, “त्या वाकड्या बुंध्यापर्यंत आपला बांध होता बघ.”

आता बेटावरच्याच गांधीनगर-शास्त्रीनगर परिसरात नागरी आणि लष्करी अशा दोन्ही वापरांचा विमानतळ व्हायचा आहे, आणि उरलेली जमीन त्यात जाईल या घोराने काकूला झोप नाही. देशासाठी जमीन द्यायला ती नाही म्हणत नाही. जमिनीच्या बदली जमीन मिळणार का, लावलेल्या झाडांचे काय धरणार आणि नवे घर कुठे, एवढेच तिला आधी कागदावर हवे आहे. ते तिला अजून कुणी दिलेले नाही.

आपल्या वृत्तपत्राने एक बातमीदार तिथे पाठवावा. महाराष्ट्रातल्या खासदारांनी भूसंपादनापूर्वी या कुटुंबांचा पुनर्वसनाचा प्रश्न संसदेत विचारावा, आणि राज्याच्या सैनिक कल्याण विभागाने तिथल्या मराठी माजी सैनिकांच्या वारसांची यादी करावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा